आप्पानं रफू केलेला टायर

आमच्या डॉक्टरांच्या पत्नी कल्याणीवहिनी गेल्या पौषात वारल्या. त्या होत्या तोवर हे लिहिणं शक्य नव्हतं. आता कुणाची आडकाठी उरलेली नाही, आणि मीही साठीला टेकलो आहे. मी गेलो तर परशराम आप्पाच्या नावाला लागलेला डाग तसाच राहील, म्हणून लिहायला बसलो. मी कंपौंडर माणूस. औषधाच्या बाटल्यांवर मात्रेच्या कागदी पट्ट्या चिकटवण्यात जन्म गेला, तेवढंच माझं लिखाण. तेव्हा सांभाळून घ्यावं.

परशराम आप्पा मूळचा बेळगावजवळच्या वडगावचा, विणकराच्या घरातला. पहिल्या लढाईच्या वेळी तो बेळगावच्या कॅम्पात मोटारींच्या कारखान्यात लागला आणि तिथं टायर-ट्यूबचं काम शिकला. पुढं निपाणीला येऊन त्यानं चिकोडी रस्त्याला पत्र्याचं दुकान टाकलं. पाण्यानं भरलेलं एक घंगाळ, एक शेगडी, हवेचा पंप आणि टोपीत खोचलेल्या चार जाड सुया, एवढा त्याचा संसार. निपाणीत तेव्हा तंबाखूच्या गाड्यांची रांग लागायची. बैलांच्या खुरांना ठोकलेल्या लोखंडी पत्र्या निसटायच्या आणि त्यांचे खिळे रस्त्यावर पडलेले असायचे. आप्पाला गिऱ्हाइकांची वाण कधी पडली नाही.

पण माणूस तुसडा. पंक्चर काढता काढता गिऱ्हाइकाची अक्कलही काढायचा. "टायर म्हंजे रबर न्हवं," असं तो प्रत्येकाला ऐकवायचा. "टायर म्हंजे कापड हाय. रबर नुसता वरचा रंग. कापड शाबूत तर टायर शाबूत." टायर फाटला की तो मांडीवर उलटा पसरून आतली तुटलेली सुतं सुईनं वर काढायचा, मोजायचा आणि एकेक सूत गाठीनं जोडायचा. मागावर ताणा तुटला की विणकर जी गाठ मारतात, तीच गाठ. त्यावर जाड कापडाचे दोन थर सोल्युशननं चिकटवायचे, वर रबराचा तुकडा, आणि त्यावर शेगडीत तापवलेला लोखंडी ठोकळा दाबून ठेवायचा. आम्ही त्याला आप्पाचं रफू म्हणायचो. चेष्टेनं म्हणायचो, पण ते रफू सुटलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

त्याची दुसरी खोड अशी की टायर गेलेला आहे असं त्याला वाटलं, तर तो मालकाच्या देखत त्याला सुरी घालायचा. पार कड कापून टाकायचा, म्हणजे दुसऱ्या कुणी ठिगळ मारून तो परत रस्त्यावर आणायला नको. एका तंबाखूच्या व्यापाऱ्याचा टायर त्यानं असाच चिरला आणि मोठा गहजब झाला. व्यापारी अंगावर धावून आला, तर आप्पा म्हणाला, "माझ्या हातनं गेल्याला टायर कुणाचा जीव घेऊन परत येऊ ने. कॅम्पात एकदा बघितलंय. पुन्यांदा न्हाय बघायचं." काय बघितलं होतं ते त्यानं कधी सांगितलं नाही.

आमचे डॉक्टर रघुवीर यांच्याकडं एक विलायती फटफटी होती. गावोगावचे रोगी ते त्याच फटफटीवरून बघायचे, आणि बरेचदा मागं मी, मांडीवर औषधाची पेटी घेऊन. जपान्यांनी मलाया घेतल्यावर रबराचं दुर्भिक्ष झालं. नवा टायर हवा तर परवाना लागे. डॉक्टरांनी बेचाळीसच्या दिवाळीत अर्ज केला, नंतर दोन स्मरणपत्रं धाडली, आणि उत्तराची वाट बघत बसले. मागचा टायर घासून गुळगुळीत झाला होता. पुढचा मात्र धड होता. तोही त्रेचाळीसच्या श्रावणात सदलग्याहून येताना एका पडलेल्या पत्रीवर गेला, आणि बाजूनं बोटभर चिरला.

आप्पानं तो टायर मांडीवर घेतला तेव्हा मी समोर होतो. त्यानं चिरेत बोटं घालून सुतं चाचपली. मग म्हणाला, "अकरा सुतं."

"होईल ना आप्पा?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाजूची चीर हाय डाक्टरसाब. हितं रबर पातळ, समदा भार कापडावर. दुसरा कोण असता तर सुरी घातली असती." त्यानं खरंच सुरीकडं बघितलं. "पर तुमी पाय गुंडाळून बसलासा तर ह्या मुलखात माणसं मरतील, ते बी खरं."

त्यानं रफू केलं, आणि अटी घातल्या. फटफटी ताशी वीस मैलांच्या वर न्यायची नाही, घाटात दहाच्या वर नाही. दर सोमवारी टायर त्याच्याकडं आणायचा. तो रफू उसवून सुतं मोजणार आणि पुन्हा घालणार. "तीस सुतं तुटली की सुरी. मग परवाना येऊ दे, न्हाय तर न येऊ दे."

डॉक्टर हसले. मी नाही हसलो. का कुणास ठाऊक, तो तीस आकडा माझ्या डोक्यात बसला.

त्यानंतर दर सोमवारी मी फटफटी ढकलत आप्पाकडं न्यायचो आणि समोरच्या दगडावर बसायचो. आप्पाची बोटं टायरच्या आत सरकायची, ओठ हलायचे. चौदा. पुढच्या सोमवारी सोळा. गणपतीत एकोणीस. दवाखान्यात परतलो की वहिनी दारातच विचारायच्या, "किती?" डॉक्टर फटफटी घेऊन गेले की त्या देवघरात बसून राहायच्या, आणि फटफटीचा आवाज ऐकू आला की उठायच्या. त्या आवाजाला साऱ्या गल्लीतली कुत्री भुंकायची, पण वहिनींच्या चेहऱ्यावर रक्त परत यायचं. पितृपक्षात आकडा तेवीस झाला.

नवरात्रातल्या सोमवारी सव्वीस भरली. आप्पानं त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. कापडाचे दोनाचे तीन थर केले. ठोकळा काढल्यावर रफूवर नाक टेकवून वास घेतला, ही त्याची नेहमीची रीत. मग मला जवळ बोलावलं.

"कंपौंडर, गुरवारी खंडेनवमी. घरात फटफटीची पूजा हुईल. हळद लावा, कुकू लावा, झेंडूचा हार घाला, नारळ फोडा. पर चाकाला तेल लावू देऊ नगा. तेलानं रबर दुधात भिजलेल्या भाकरीगत फुगतंय. वरनं काय दिसत न्हाय, आतनं सोल्युशन सुटतंय. वहिनीस्नी आठवणीनं सांगा."

"सांगतो की," मी म्हणालो.

"नुसतं सांगतो म्हणू नगा. सांगा."

मला राग आला. मी बाटल्यांवर विष आणि औषध वेगळं लिहिणारा माणूस, आणि हा पंक्चरवाला मला आठवण कशी ठेवायची ते शिकवतो! रस्ताभर मनात त्याला चार शब्द सुनावले आणि घरी पोचलो. पोचल्यावर वहिनींनी विचारलं, "किती?" मी म्हणालो, सव्वीस. त्या तिथंच पायरीवर बसल्या. त्यांचा चेहरा बघून मी बाकीचं बोलणं उद्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. तिसऱ्या दिवशी मी विसरलो. हे तिन्ही दिवस मी शेकडो वेळा मनात फिरवून बघितले आहेत, त्यांतून दुसरं काहीच निघत नाही.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं बसवतात. सुताराची करवत, शेतकऱ्याचा नांगर, विणकराचा धोटा, सगळं धुऊन, तेलाचा हात फिरवून, पाटावर मांडून पुजायचं. एकदा बसवलं की दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. डॉक्टरांच्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या वहिनींनी सकाळीच पाटावर मांडल्या होत्या. मी आलो तेव्हा त्या अंगणात फटफटीपुढं बसल्या होत्या. हातात करडीच्या तेलाची वाटी होती. हत्यारांना लावून उरलेलं तेल त्या चाकाला लावत होत्या. टायर नव्यासारखा काळाभोर चमकत होता. आणि चीर होती ना, आप्पाचं रफू होतं ती जागा, तिथं त्या बोटानं थांबून थांबून तेल जिरवत होत्या. जखमेवर हळुवार लावावं तसं. ओठांत काहीतरी चाललं होतं. मी जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं, "सांभाळ रे बाबा, एवढं सांभाळ."

पूजेत टोकू नये, टोकलं की अपशकुन होतो, हे आईच्या दुधाबरोबर आत गेलेलं. त्यातून त्या माउलीचे डोळे भरलेले. तिला काय सांगू, वहिनी, तुम्ही हे वाईट करताय? मी नमस्कार केला आणि प्रसाद खाल्ला. दुपारी त्या आत गेल्यावर फडक्यानं चाक खसाखसा पुसलं. पुसलं म्हणजे गेलं, असं स्वतःला समजावलं. फटफटी मात्र उभीच राहिली, तो दिवस आणि ती रात्र. सकाळी मी बघितलं, तर रफूची जागा नेमकी जमिनीला टेकली होती आणि तिच्याभोवती फरशीवर ओला डाग पडला होता.

त्याच सकाळी, दसऱ्याला, तवंदी घाटापलीकडच्या एका गावातून आण्णाप्पा नावाचा माणूस सायकल मारत आला. त्याची बहीण दोन दिवस अडली होती. सणामुळं मोटारी बंद. डॉक्टरांनी पाटावरची हत्यारं उचलली. वहिनींच्या चेहऱ्याकडं बघून म्हणाले, "आधी हे, मग सोनं." मला म्हणाले, "केशव, तू दवाखाना बघ." मी त्या ओल्या डागावर उभा होतो. मी म्हणालो, "हो डॉक्टर, सावकाश जा." तेवढंच म्हणालो.

नऊच्या सुमाराला परशराम आप्पा आला. धुतलेलं धोतर, कपाळाला कुंकू. त्याची हत्यारं दुकानात पाटावर बसलेली, त्यामुळं हात मोकळे.

"फटफटी कुठाय?"

"घाटापलीकडं. अडलेली बाई आहे."

"काल पूजा झाली?"

"झाली की."

"तेल?"

वहिनी आत दिवा लावत होत्या. आप्पा माझ्याकडं बघत होता. खरं सांगितलं असतं तर तो सायकल काढून तडक घाटाच्या माथ्यावर जाऊन उभा राहिला असता, आणि उतरायच्या आधी डॉक्टरांना अडवलं असतं. पाऊण तासाचं अंतर. डॉक्टर परत निघाले ते बारानंतर. वेळ हवा तेवढा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण खरं बोललो तर पुढचा प्रश्न आला असता, कंपौंडर, तुम्ही सांगितलं नव्हतं व्हय? पंक्चरवाल्यापुढं मान खाली घालायची मला लाज वाटली.

"हळदकुंकू आणि हार," मी म्हणालो.

आप्पानं धोतराचा सोगा खोचला. "मग बरं," म्हणाला आणि गेला.

दोनच्या सुमाराला एक गाडीवान ओरडत आला.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर मी आणि आप्पा पोचलो तेव्हा डॉक्टरांवर कुणीतरी धोतर पांघरलं होतं. पलीकडच्या गावात ती बाई सुखरूप सुटली होती. मुलगा झाला होता, तो आता चौथ्या वर्षात आहे. फौजदार पंचनामा लिहीत होते. आप्पा सरळ पुढच्या चाकापाशी जाऊन उकिडवा बसला. चीर फाकली होती आणि ट्यूब तिच्यातून बाहेर येऊन फुटली होती. रफूचे तिन्ही थर केळीच्या सालीसारखे सुटून लोंबत होते. आप्पाची बोटं आत गेली, ओठ हलू लागले. मी अगदी जवळ होतो, मला ऐकू आलं. "सव्वीस." एकही नवं सूत तुटलं नव्हतं. त्याचं काम जसंच्या तसं होतं. मग त्यानं सुटलेला थर नाकाशी नेला, बोटं एकमेकांवर घासली, आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं.

ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी मूग गिळून उभा होतो. आप्पानं माझ्यावरून नजर काढली आणि माझ्या मागं बघितलं. तिथं बैलगाडीत, दोन बायकांनी धरलेल्या, कल्याणीवहिनी होत्या.

"काय झालं रे?" फौजदारांनी विचारलं. "तूच ठिगळ मारतोस ना याला?"

"व्हय साब," आप्पा म्हणाला. "सुतं तुटली. माझ्या हातचं काम कच्चं ऱ्हायलं."

पंचनाम्यावर त्यानं अंगठा उठवला. मग फौजदारांना विचारून एका गाडीवानाची सुरी मागून घेतली आणि टायरला घातली. आडवी, उभी, पुन्हा आडवी. लोकांना वाटलं, शरमेनं करतो आहे. तुकडे त्यानं दरीत भिरकावले, एकही मागं ठेवला नाही. तो का चिरत होता हे त्या घाटात फक्त मला कळत होतं. कुणी दुसऱ्यानं त्याचा वास घेऊ नये म्हणून.

तेराव्याला तो दारात आला. वहिनी उठून बाहेर गेल्या आणि साऱ्या गल्लीदेखत त्याला बोलल्या. "तुमच्या हातावर भरवसा ठेवला मी. त्या हातांनी पुन्हा कुणाचं कुंकू पुसू नका." आप्पा मान खाली घालून सगळं ऐकत होता. मी दवाखान्याच्या खिडकीत होतो. खिडकी बंद केली.

त्यानंतर चिकोडी रस्त्याला कुणी थांबेना. व्यापारी तर मुद्दाम सांगत फिरला, माझा टायर चिरणारा तोच हा, डॉक्टर खाल्ला यानं. संक्रांतीला दुकान उठलं, आणि आप्पा बायकोला, शालूबाईला, घेऊन वडगावला गेला, भावाच्या मागावर बसायला.

पुढच्या दसऱ्यापर्यंत मी कसेबसे दिवस काढले. मग झोप लागेना, तेव्हा वडगावला गेलो. आप्पा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता. हात थांबवले नाहीत. मी म्हणालो, "आप्पा, मी वहिनींना सगळं सांगणार आहे. गावालाही सांगणार. चूक माझी होती."

त्यानं माग थांबवला. "वहिनीस्नी कळलं न्हाय न्हवं अजून?"

"नाही."

"मग गप ऱ्हावा. तुमास्नी हलकं वाटावं म्हणून त्या बाईनं जळत बसायचं व्हय? आपल्याच हातानं नवरा मारला म्हणत? आता तुमी बोललासा तर माझा धंदा फुकट गेला म्हणायचा." आणि आत हाक मारली, "शालू, पावन्यास्नी च्या दे." मी तो चहा प्यायलो. तो कसा लागला ते आठवत नाही.

गेल्या पौषात वहिनींनी अंथरूण धरलं. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी मला जवळ बसवून घेतलं, बाकीच्यांना बाहेर घालवलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"केशव, एक विचारू? त्या नवमीला मी चाकाला तेल लावलं होतं. शिवणीवर जास्तच लावलं. त्यानं तर काही झालं नसेल ना?"

तीन वर्षं ती बाई हे मनात घेऊन जगली होती. आप्पानं धंदा दिला, नाव दिलं, आणि तरीही ते तिच्यापर्यंत पोचलंच होतं. आप्पाचा थांबलेला माग डोळ्यांपुढं आला.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "तेलानं रबराला काय होतंय? रफूच कच्चं होतं."

त्यांनी डोळे मिटले. डोळे न उघडताच म्हणाल्या, "म्हणजे मी त्याला बोलले ते बरोबरच होतं."

"बरोबरच होतं," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी गेल्या. त्यांचा चेहरा शांत होता, असं सगळे म्हणाले. हे सगळं वडगावला जाऊन आप्पाला सांगायचं आहे. अजून गेलो नाही.